धूम्रपानाचे व्यसन आणि इच्छास्वातंत्र्य : 'ठरवले तर सुटते' हे कितपत खरे?

नदीकाठ

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जून १९८८ मध्ये एका ज्यूरीने माणसाच्या मर्जीची टक्केवारी काढली. रोझ सिपोलोन ही गृहिणी १९४२ मध्ये, वय कोवळे असतानाच, सिगारेट ओढू लागली होती. १९८१ मध्ये तिच्या फुप्फुसात कर्करोग आढळला, शस्त्रक्रिया झाली, तरीही सिगारेट सुटली नाही. ती सुटेपर्यंत १९८३ साल उजाडले आणि १९८४ मध्ये रोझचा मृत्यू झाला. तिच्या पश्चात पतीने पुढे चालवलेल्या खटल्यात कंपन्यांचा बचाव सरळ होता : धोका सगळ्यांना ठाऊक होता, कोणी तिच्यावर बळजबरी केली नव्हती, ती स्वतःच्या इच्छेने ओढत होती. धोक्याची सूचना न दिल्याच्या मुद्द्यावर ज्यूरीने जबाबदारी वाटून दिली ती अशी : ८० टक्के रोझची आणि २० टक्के कंपनीची. जाहिरातींतून दिलेल्या हमीच्या वेगळ्या मुद्द्यावर पतीला चार लाख डॉलर मंजूर झाले होते, परंतु तो निकाल वरच्या न्यायालयात टिकला नाही आणि १९९२ मध्ये कुटुंबाने खटला सोडून दिला.

हा ८० चा आकडा माझ्या मनातून जात नाही. ही ८० टक्के इच्छा नेमकी कोणत्या वर्षाची होती? १९४२ मध्ये मैत्रिणींसारखे मोठे दिसावे म्हणून पहिला झुरका घेणाऱ्या मुलीची, की शस्त्रक्रियेची जखम अंगावर असताना पाकिटाकडे हात नेणाऱ्या रुग्ण बाईची? दोघींना एकच नाव असले तरी त्यांच्या मेंदूची अवस्था एक नव्हती. धुरातून फुप्फुसात गेलेले निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, तेथील ठरावीक ग्राहींवर, म्हणजे रसायन पकडणाऱ्या पेशींवरील जागांवर, जाऊन बसते आणि डोपामिन हे सुखाची चटक लावणारे रसायन स्रवू लागते. नित्य ओढणाऱ्याच्या मेंदूत या ग्राहींची संख्या वाढते. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर हे सर्व ग्राही उपाशी असतात आणि सकाळी चहाच्या आधी हात खिशात जातो. जो निर्णय 'घेतला' असे आपण म्हणतो, त्याची मागणी शरीराने आधीच नोंदवलेली असते.

कंपन्यांना हे ठाऊक होते, हे मुद्दाम सांगायला हवे. १९६३ मध्ये ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीच्या कायदेविषयक प्रमुखाने अंतर्गत टिपणात लिहून ठेवले होते की निकोटिन व्यसन लावते आणि आपला धंदा हे व्यसन लावणारे द्रव्य विकण्याचा आहे. याच धंद्यातील सात बड्या कंपन्यांचे प्रमुख एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर बसले आणि निकोटिनचे व्यसन लागते असे आम्हाला वाटत नाही, असे एकामागून एक सांगून गेले. इच्छास्वातंत्र्याचा मुद्दा त्या सभागृहात तत्त्वज्ञानासाठी आणला गेला नव्हता. ग्राहकाने आपल्या मर्जीने ओढले, एवढे सिद्ध झाले की विक्रेत्याचे हात मोकळे होतात.

म्हणून मग 'व्यसनी माणूस पूर्णपणे असहाय असतो' असे म्हणावे, तर तेही मला पटत नाही. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो. माणसाला सिगारेट हवी असते, ही एक इच्छा झाली. ही इच्छा आपल्याला असावी की नसावी याविषयीही त्याचे मत असते, ही तिच्या वरची इच्छा झाली. तलफ आली तर खुशाल ओढणारा आणि त्यातच समाधानी असलेला एक व्यसनी, आणि ओढताना स्वतःवर चिडणारा दुसरा व्यसनी, यांची कृती बाहेरून अगदी सारखी दिसते. परंतु दुसरा स्वतःच्या इच्छेविरुद्ध वागत असतो. भारतातील प्रौढांच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात ५५.४ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी आपण सोडण्याच्या विचारात आहोत किंवा तसा बेत आहे असे सांगितले होते. म्हणजे अर्ध्याहून अधिक माणसे या दुसऱ्या गटात मोडतात. त्यांना 'तुमची मर्जी' असे म्हणताना आपण त्यांच्या कोणत्या इच्छेला मर्जी म्हणतो आहोत?

माझे म्हणणे असे आहे की तलफ आलेल्या त्या पाच मिनिटांत इच्छास्वातंत्र्य शोधणे हीच चुकीची जागा आहे. ते असेल तर त्या पाच मिनिटांच्या बाहेर असेल : आदल्या संध्याकाळी, पगाराच्या दिवशी, घरातील माणसांशी बोलताना, कोणत्या रस्त्याने घरी जायचे हे ठरवताना. यावर सदस्यांनी आपली मते द्यावीत, विशेषतः विरोधी मते द्यावीत, अशी विनंती आहे.

अर्धविराम

विरोधी मत मागितले आहे, म्हणून सविस्तर लिहितो. लेख आवडला, परंतु तो मेंदूला जरा जास्तच श्रेय देतो असे वाटते.

पहिली गोष्ट अशी की सिगारेट सोडलेल्या माणसांपैकी बहुसंख्यांनी ती कोणत्याही औषधाविना सोडलेली असते. दुसरी गोष्ट अशी की व्यसनी माणूस किमतीकडे पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे तंबाखूची किंमत दहा टक्क्यांनी वाढली, तर खप श्रीमंत देशांत सुमारे चार टक्क्यांनी आणि गरीब व मध्यम देशांत सुमारे पाच टक्क्यांनी घटतो. अपस्माराचा झटका किमतीप्रमाणे कमी-जास्त होत नाही. जे वर्तन खिशाकडे पाहून बदलते, ते सक्तीचे कसे म्हणावे? तिसरी गोष्ट व्हिएतनामची आहे. त्या युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा मायदेशी परतल्यावर पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांच्यातील फारच थोडे पुन्हा व्यसनात अडकलेले आढळले. रसायन तेच होते, मेंदूही तेच होते, फक्त भोवतालचे जग बदलले होते.

आणि सर्वांत बोलका पुरावा विमानातील कर्मचाऱ्यांचा आहे. इस्राएलमधील संशोधकांनी २०१० मध्ये धूम्रपान करणाऱ्या हवाई सेवकांची तलफ छोट्या आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणांत मोजली. शरीरातील निकोटिनचीच सत्ता असती, तर शेवटची सिगारेट ओढून जितके तास झाले तितकी तलफ वाढायला हवी होती. प्रत्यक्षात छोट्या उड्डाणाच्या अखेरीस, विमान उतरण्याच्या सुमारास, तलफ उसळलेली दिसली. लांबच्या उड्डाणात तितकेच तास उलटले असताना ती त्याहून कमी होती, कारण सिगारेट अजून दूर होती. तलफ घड्याळात मागे पाहत नाही, पुढे पाहते. ती अपेक्षेची लेक आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हाच प्रश्न विचारतो : मनात नसतानाही, जणू कोणी बळजबरीने जुंपल्यासारखा, माणूस पाप कशामुळे करतो? त्याला मिळालेल्या उत्तरात शत्रू ओळखून त्याला मारण्याचीच आज्ञा आहे. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला कोणी आज्ञा करीत नाही. व्यसनी माणसाला रुग्ण म्हणून त्याच्यावर दया करणे सोपे आहे, पण त्या दयेत आपण त्याच्याकडून त्याचे कर्तेपण काढून घेतो. माझ्या ओळखीतील ज्यांची सिगारेट सुटली, त्यांना 'तुमच्या ग्राहींची संख्या कमी झाली' असे सांगितलेले आवडणार नाही. ती त्यांची कमाई आहे.

रसायन

औषधनिर्माणशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय असल्याने दोन्ही बाजूंच्या पुराव्यांत थोडी भर घालतो.

आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये मेंदूला इजा झालेल्या ६९ धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १९ जणांच्या मेंदूतील इन्सुला नावाच्या भागाला इजा पोहोचली होती. शरीराच्या आतून येणाऱ्या जाणिवा या भागात एकवटतात. हा भाग दुखावलेल्या रुग्णांपैकी अनेकांची सिगारेट एकाएकी, विनासायास सुटली, आणि पुन्हा तलफही आली नाही. या माणसांनी निश्चय केला नव्हता, वर्षानुवर्षे झगडाही दिला नव्हता. जे काम अनेकांचे निश्चय करू शकले नाहीत, ते मेंदूच्या एका कोपऱ्यातील इजेने केले. 'ती त्यांची कमाई आहे' या वाक्यासमोर मी हा अभ्यास ठेवू इच्छितो.

सर्वांना सारखीच लढाई लढावी लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. निकोटिन यकृतात ज्या विकराने (एन्झाइमने) मोडले जाते, तो काहींच्या शरीरात जन्मतः मंद असतो. अशांच्या रक्तात निकोटिन जास्त वेळ टिकते, ते सरासरीने कमी सिगारेटी ओढतात आणि त्यांना सोडणेही तुलनेने सोपे जाते. पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेली माणसे अधिक ओढतात, हे २००८ पासून वारंवार दिसून आले आहे. एकाच कार्यालयातील दोघे एकाच दिवशी सिगारेट सोडतात, एकाची सुटते आणि दुसरा तीन दिवसांत परत टपरीवर दिसतो. पहिल्याला आपण खंबीर म्हणतो आणि दुसऱ्याला लेचापेचा. दुसऱ्याने कदाचित पहिल्यापेक्षा अधिक निश्चय खर्च केलेला असतो.

अर्धविराम यांनी दिलेला विमानाचा प्रयोग मला मान्य आहे, मात्र त्याचा अर्थ मी वेगळा लावतो. अपेक्षासुद्धा मेंदूतच घडते. चहाचा वास, जेवणानंतरचा रिकामा वेळ, ठरावीक मित्राचा फोन, गाडीचा दरवाजा लावल्याचा आवाज, अशा शेकडो खुणांशी निकोटिनची सांगड वर्षानुवर्षे घातली गेलेली असते आणि त्या खुणा दिसताच डोपामिनची यंत्रणा सिगारेट येण्याआधीच जागी होते. वाट पाहणारी तलफ खऱ्या तलफेपेक्षा कमी खरी नसते. सैनिक परतले तेव्हा त्यांच्या या सर्व खुणा एका फटक्यात समुद्रापार राहिल्या. सिगारेट ओढणाऱ्याचे व्हिएतनाम त्याच्या घरातच असते. तो तेथून परतणार कोठे?

इच्छास्वातंत्र्याच्या चर्चेत बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग हमखास येतो, म्हणून तो आधीच बाजूला ठेवतो. हात हलवण्याच्या इच्छेची जाणीव होण्यापूर्वी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूत हालचाल सुरू झालेली असते, असे त्यात दिसले होते. त्या विद्युत्‌लहरीचा अर्थ 'मेंदूने निर्णय आधीच घेतला' असाच होतो का, यावर २०१२ पासून गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. शिवाय बोट हलवणे आणि पंचवीस वर्षांची सवय मोडणे या दोन गोष्टी एकाच तराजूत घालता येत नाहीत.

पहाटवारा

मी या विषयाची अभ्यासक नाही. घरातील गोष्ट सांगते, कारण वरील चर्चेतील प्रत्येक मुद्दा माझ्या वडिलांच्या खोलीत येऊन थांबतो.

त्यांची बायपास झाली. रुग्णालयात असताना त्यांनी सिगारेटचे नाव काढले नाही, आणि तलफ आली नाही असे ते स्वतः नवलाने सांगत होते. विमानातील कर्मचाऱ्यांविषयी वाचले तेव्हा मला त्याचा अर्थ लागला. तेथे सिगारेट मिळण्याची शक्यताच नव्हती. घरी आल्यावर काही दिवसांतच ते दूध आणायला स्वतः जाऊ लागले. दुधाला लागणारा वेळ वाढू लागला. मग शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी येऊ लागली, जी त्यांनी पूर्वी कधीच खाल्ली नव्हती. एकदा मी मागच्या जिन्यात गेले, तेव्हा ते सिगारेट उलटी करून मुठीच्या आत धरून उभे होते, जळते टोक तळव्याकडे, जेणेकरून वरच्या मजल्यावरून ठिणगी दिसू नये. तळवा भाजत असणार. मला पाहून ते म्हणाले, "अगं, आजच घेतली." त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसले ते सुख नव्हते. त्यांनी अर्धी सिगारेट माझ्यासमोरच विझवली आणि उरलेले थोटूक पुन्हा खिशात ठेवले.

आई म्हणते, "त्यांना आपली काळजी असती तर सोडली असती." माझा भाऊ म्हणतो की हा आजार आहे, त्यांना बोलू नका. मला दोघांचेही बोलणे ऐकवत नाही. आईचे ऐकले तर वडिलांचे आमच्यावर प्रेम नाही असे मानावे लागते आणि भावाचे ऐकले तर त्या जिन्यात वडील नव्हतेच, फक्त एक आजार उभा होता, असे मानावे लागते. तेथे ते होते. ते मला चुकवायला बघत होते, थोटूक जपत होते आणि त्याच वेळी शरमेने मान खाली घालून उभे होते. यांतील एक खरे आणि बाकीचे खोटे, असे मी कसे म्हणू?

तेंदूपान

पहाटवारा यांच्या प्रतिसादानंतर लिहायला हात धजत नाही, तरीही एक बाजू राहून गेली आहे.

मी सिन्नरच्या बाजूचा आहे. आमच्याकडे, तसेच सोलापूर, अहिल्यानगर आणि गोंदिया-भंडारा भागात, हजारो घरे विडीवर चालत आली आहेत. बायका भिजवलेले तेंदूचे पान कात्रीने बेतून कापतात, सुपातील जर्दा चिमटीने त्यात भरतात, वळकटी करून दोरा गुंडाळतात आणि टोक नखाने आत दुमडून बंद करतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. त्या सुपाशेजारी खेळणाऱ्या मुलाच्या नाकात तंबाखूचा वास पाळण्यापासून असतो. पुढे तो विडी ओढू लागला, तर त्याने ती निवडली असे म्हणायचे का? मशेरीचे तर विचारूच नका. आमच्या आज्या-मावश्यांना तव्यावर भाजलेली तंबाखू दात घासायला म्हणून लहानपणीच हातावर दिली जात असे. महाराष्ट्रात त्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणाप्रमाणे धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आहेत, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपण सिगारेटवर बोलत आहोत ते योग्यच आहे, परंतु निवड केव्हा झाली हा प्रश्न मशेरीच्या बाबतीत अधिक टोकदार होतो, कारण तेथे निवडीचा क्षण कधी आलाच नाही.

शहरातील गोष्ट निराळी आहे, पण फार निराळी नाही. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या टपरीवर दोरीला लायटर टांगलेला असतो आणि सिगारेट सुटी मिळते. अख्खे पाकीट घ्यायचे तर विद्यार्थी दोनदा विचार करतो, एका सिगारेटला तो विचार करीत नाही. पाकिटावरील ८५ टक्के जागा व्यापणारे चित्र त्याला दिसतही नाही, कारण पाकीट टपरीवाल्याच्या हातात राहते. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, तेव्हा काहींनी ती व्यक्तिस्वातंत्र्यावरची गदा मानली होती. मला ती उलट वाटली होती : विचार करण्यासाठी लागणारी दोन मिनिटे विद्यार्थ्याला परत देणारा तो नियम होता. तो किती पाळला जातो हे कोणत्याही टपरीसमोर उभे राहिले की कळते, आणि याचे मला वाईट वाटते.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पहाटवारा यांनी विचारलेल्या प्रश्नाला मी आधी हात घालतो, कारण बाकी सर्व त्यातच आले आहे.

आपल्या वडिलांचे वागणे खोटे नव्हते असे मला वाटते. आपण माणूस म्हणजे एक अखंड इच्छा असे गृहीत धरतो, आणि मग त्या इच्छेविरुद्धची प्रत्येक कृती आपल्याला ढोंग तरी वाटते किंवा झटका तरी. जिन्यात उभ्या असलेल्या त्यांच्या मनात सोडण्याची इच्छा होती, म्हणून ते लपत होते. ज्याला सोडायचेच नसते तो गॅलरीत उभा राहून ओढतो. त्यांची शरम हा त्यांच्या इच्छास्वातंत्र्याचा पुरावा आहे. फक्त त्या क्षणी त्याच्या हातात बळ नव्हते. आपल्या आईंना प्रेमाचे माप त्या सिगारेटवरून काढू नये, एवढे सांगता आले तर पाहावे.

अर्धविराम यांनी गीतेचा दाखला दिला, तो मी आणखी थोडा पुढे नेतो. अर्जुनाला दिलेल्या उत्तरात तो शत्रू, म्हणजे काम (वासना), कोठे वसतो हेही सांगितले आहे : इंद्रियांत, मनात आणि बुद्धीत. बुद्धीतही! तलफ आलेल्या माणसाशी जो वाद घालून पाहील, त्याला याची खूण पटेल. एकाने काय होणार आहे, आज कामाचा ताण आहे, उद्यापासून नक्की, आमचे आजोबा विडी ओढूनच नव्वदी गाठून गेले, हे सगळे युक्तिवाद बुद्धीच करीत असते, आणि ते चांगले युक्तिवाद असतात. म्हणूनच त्या क्षणी विवेकाला साद घालून उपयोग होत नाही, कारण विवेकच फितूर झालेला असतो. पुढच्या श्लोकात अर्जुनाला आधी इंद्रियांना आवर घालायला सांगितले आहे. मी त्याचा अर्थ असा घेतो की लढाई बुद्धीच्या दारात येण्यापूर्वी, हात आणि पाय जेथे जातात तेथे लढायची.

आपल्याकडे याची जुनी रीत आहे. वारकरी गळ्यात माळ घालतो तेव्हा मांस आणि मद्य सोडतो. नंतर एखाद्या लग्नात कोणी आग्रह केला, तर त्याला तेथे इच्छाशक्ती पणाला लावावी लागत नाही. माळ पाहून आग्रह करणाराच थबकतो. त्याने आपला निर्णय एका शांत दिवशी, गावासमोर, देवाला साक्ष ठेवून करून टाकलेला असतो, आणि मोहाच्या दिवशी तो निर्णय त्याच्या वतीने गाव राखते. इच्छास्वातंत्र्य मी शोधतो ते येथे. श्रावण पाळणारा माणूस महिनाभर दारूकडे वळत नाही आणि त्याला फारसे जडही जात नाही, यामागेही विमानातलेच कारण असावे, कारण मिळण्याची शक्यता त्याने स्वतःच मिटवलेली असते. तंबाखूला मात्र आपण या व्रतांतून बहुधा मोकळे सोडले. अनेक माळकऱ्यांच्या कनवटीला चंची असते आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. तंबाखूची माळ आपण कधी घडवलीच नाही.

किमतीच्या मुद्द्याचे उत्तरही मला येथेच सापडते. किंमत वाढली की खप घटतो हे खरे आहे, आणि त्यातून निवड शिल्लक आहे हेही सिद्ध होते. परंतु किंमत ही त्या माणसाबाहेरची गोष्ट आहे. ती कोणीतरी ठरवते. म्हणजे त्याच्या निवडीचे बळ अर्थसंकल्प मांडणाऱ्याच्या, टपरीला परवाना देणाऱ्याच्या आणि कंपनीच्या हातातही असते. रोझ सिपोलोनच्या ज्यूरीने ८० आणि २० अशी वाटणी केली, तेव्हा त्यांनी जबाबदारी हा ठरलेल्या आकाराचा तुकडा मानला : एकाला जास्त दिला की दुसऱ्याला कमी. मला ते मान्य नाही. रोझ स्वतःपुरती पूर्ण जबाबदार असू शकते आणि तिला व्यसन लावून विकणारी कंपनीही पूर्ण जबाबदार असू शकते. एकाची जबाबदारी दुसऱ्याच्या खात्यातून वजा करण्याचे कारणच नाही.

अर्धविराम

माळेचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला, आणि जबाबदारी वजा करू नये हे म्हणणेही मान्य आहे. एका ठिकाणी मात्र मी हटणार नाही. माळ घालण्याचा तो शांत दिवस कोठून येतो? तो दिवस प्रत्येक व्यसनी माणसाच्या आयुष्यात कितीदा तरी येऊन जातो आणि बहुतेक वेळा तो काहीच करीत नाही. जो एके दिवशी उठून माळ घालतो त्याच्यात आणि जो घालत नाही त्याच्यात काय फरक असतो, याचे उत्तर परिस्थितीतून आणि जनुकांतून पूर्णपणे मिळते असे मला वाटत नाही. नदीकाठ यांनी इच्छास्वातंत्र्य तलफेच्या पाच मिनिटांतून हलवून आदल्या संध्याकाळी नेले, पण तेथेही तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

नदीकाठ

तो प्रश्न उभा राहतो, हे खरे आहे. तो मी सोडवला असा माझा दावा नाही. एवढेच म्हणेन की आदल्या संध्याकाळी रक्तात निकोटिन पुरेसे असते, समोर टपरी नसते आणि शेजारी आपले माणूस बसलेले असू शकते. प्रश्न तोच असला तरी तेथे त्याचे चांगले उत्तर देण्याची ताकद माणसापाशी अधिक असते.

पहाटवारा

हे वाचून मी आईशी बोलले. आता प्रत्यक्षात काय करता येईल ते कोणी सांगू शकेल का? वडिलांचे वय सत्तरच्या आसपास आहे, बायपास झालेली आहे, आणि ते स्वतः "मला जमत नाही" असे म्हणू लागले आहेत. हे वाक्य त्यांनी पूर्वी कधी उच्चारले नव्हते.

रसायन

"मला जमत नाही" हे वाक्य उपचाराच्या दृष्टीने शुभ आहे, कारण मदत घेण्याची तयारी त्यात आहे. काहीही आधार न घेता सोडणाऱ्यांपैकी जेमतेम तीन ते पाच टक्के माणसे सहा महिने ते वर्षभर टिकतात. म्हणून अर्धविराम म्हणतात त्याप्रमाणे बहुतेक सोडलेली माणसे औषधाविना सुटलेली दिसत असली, तरी तशा प्रत्येक यशामागे पुष्कळ अपयशे झाकलेली असतात.

आधी हृदयरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने सांगावे की सिगारेट पुन्हा सुरू झाली आहे. डॉक्टर रागावतील या भीतीने रुग्ण हेच लपवतात. निकोटिनचा डिंक किंवा पट्टी वापरल्याने सुटण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते, आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड व डांबर त्यात नसते. हृदयरुग्णाला मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी त्याच ग्राहींवर बसून त्यांना अर्धवटच चेतवते आणि त्यामुळे तलफही कमी करते आणि सिगारेटची मजाही. तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची आहे.

वडिलांना एक प्रश्न विचारून ठेवावा : सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती वेळाने लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर व्यसन तीव्र समजतात आणि डिंकाची मात्रा दोनऐवजी चार मिलिग्रॅमची ठरवतात. डिंक च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. तो सावकाश चावून, जिभेला तिखट झिणझिण्या जाणवू लागल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चव उतरली की पुन्हा चावायचा. चहा-कॉफी घेतल्यावर पंधरा मिनिटे तो तोंडात टाकू नये, कारण आम्लामुळे निकोटिन नीट शोषले जात नाही, आणि मग माणूस 'याने काही होत नाही' म्हणून तो टाकून देतो. आपल्याकडे ही चूक सर्रास होते, कारण पहिली तलफ चहासोबतच येते.

तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनाशुल्क आहे; हा क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. फोन त्यांनी स्वतः करावा, आपण शेजारी बसावे. आणि काही दिवस दूध दुसऱ्या कोणी आणावे, मात्र हे त्यांना विश्वासात घेऊन, त्यांच्याच तोंडून ठरवून घ्यावे.